महात्मा जोतीराव फुले आणि गावचा नकाशा

खेड्यातील शाळेच्या भिंतीवर टांगलेला जुना नकाशा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. त्याच्या कडा फाटलेल्या असतात, समुद्राचा निळा रंग फिका पडलेला असतो, आणि मास्तरांच्या छडीच्या टोकाकडे पाहत मुले नद्यांची नावे एका सुरात म्हणत असतात. घरी आईबापांच्या मनात मात्र एक प्रश्न घोळत असतो. ज्याला उद्या नांगर धरावयाचा आहे, त्याने परमुलुखातील नद्या पाठ करून काय मिळवावे? जिला उद्या चूल सांभाळावयाची आहे, तिला आशिया खंड कोठे आहे हे कळून काय लाभ? हा प्रश्न आजचा नव्हे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी पुणे शहरात तो मोठ्या रागाने विचारला गेला होता, आणि एका माळ्याच्या मुलाने त्याचे उत्तर आपल्या साऱ्या आयुष्याने दिले. त्या जोतीराव फुल्यांचे चरित्र वाचकांस ऐकून तरी ठाऊक असेलच. परंतु भूगोलाच्या ज्ञानाशी त्यांच्या चरित्राचा जो संबंध आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. तो आज येथे सांगावयाचा आहे.

कूळ व बालपण

जोतीरावांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुण गावचे. त्यांचे आडनाव गोऱ्हे असे होते. काळाच्या फेऱ्यात त्या घराण्यास गाव सोडावे लागले. पुढे जोतीरावांचे आजोबा शेटिबा यांची मुले पुण्यास फुलांच्या धंद्यात शिरली. पेशव्यांच्या वाड्यात फुले, हार व गजरे पुरविण्याचे काम त्यांस मिळाले; बक्षीस म्हणून जमीनही मिळाली; आणि धंद्यावरून लोक त्यांस फुले म्हणू लागले. पेशवाई इ. स. १८१८ साली बुडाली. त्यानंतर नऊ वर्षांनी, म्हणजे इ. स. १८२७ साली, गोविंदराव व चिमणाबाई यांच्या पोटी जोतीरावांचा जन्म झाला.

मूल जेमतेम वर्षाचे झाले असेल नसेल, इतक्यात आई निवर्तली. गोविंदरावांनी दुसरे लग्न केले नाही. नात्यातील सगुणाबाई क्षीरसागर ह्या विधवा बाईने त्या पोरक्या लेकराचा सांभाळ केला. ही बाई एका मिशनरी साहेबाच्या घरी मुले सांभाळण्याच्या कामावर राहिली होती. शिकलेल्या माणसांच्या घरात मुलांना कसे वागवितात, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. जोतीरावाने शिकावे ही तिच्या मनाची मोठी ओढ होती.

सातव्या वर्षी मुलगा मराठी शाळेत जाऊ लागला. हुशारी दिसू लागली, तोच लोकांनी बापाचे कान भरले. माळ्याचा पोर शिकला तर शेतीच्या कामास निरुपयोगी होईल, असे त्यास सांगण्यात आले. गोविंदराव भोळे व कष्टाळू गृहस्थ होते. त्यांनी मुलास शाळेतून काढले आणि त्याच्या हाती खुरपे दिले. मुलगा दिवसभर मळ्यात राबे व रात्री दिव्यापाशी बसून जी पुस्तके हाती लागतील ती वाची. तेराव्या वर्षी, इ. स. १८४० साली, नायगावच्या सावित्रीबाईंशी त्याचे लग्नही झाले. पुण्याच्या आसपास अशी हजारो मुले होती; त्यांतलाच हा एक होऊन जाता, तर आज त्याचे नाव कोणास ठाऊक नसते.

दोन शेजारी

परंतु फुल्यांच्या शेजारी दोन भली माणसे राहत होती. एक गफार बेग मुनशी, हे फारशीचे शिक्षक. दुसरे लिजिट नावाचे ख्रिस्ती गृहस्थ. दिव्यापाशी वाचीत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला. एक मुसलमान, एक ख्रिस्ती. दोघांचा ह्या घराशी नात्याचा किंवा जातीचा संबंध नव्हता. तरी ते दोघे गोविंदरावांकडे गेले आणि ह्या मुलाची बुद्धी मातीत घालू नका असे त्यांनी त्यांस समजाविले. बापाचे मन वळले. इ. स. १८४१ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत पुन्हा विद्यार्थी झाले.

वाचकहो, चरित्रातील ही गोष्ट लहान दिसते. पण पुढील सर्व गोष्टी तिच्यातून उगवल्या. त्या दोघांनी पैसा दिला असे नाही, शाळा काढली असेही नाही. ते केवळ उठून शेजारच्या ओटीवर गेले आणि बापाशी चार शब्द बोलले.

पृथ्वीचा गोल

त्या काळच्या पंतोजींच्या शाळेत मुले धुळीवर अक्षरे गिरवीत, मोडी लिहीत, उजळणी व पावकी-निमकी घोकीत. भूगोल असा विषय तेथे नव्हता. पृथ्वीविषयी जे काही कानी पडे ते पुराणिकाच्या तोंडून. मध्यभागी मेरू पर्वत, त्याच्या भोवती सात द्वीपे, आणि त्या द्वीपांना वेढणारे खाऱ्या पाण्याचे, उसाच्या रसाचे, मद्याचे, तुपाचे, दह्याचे, दुधाचे व गोड्या पाण्याचे सात समुद्र, अशी ती रचना होती. ऐकावयास ती रम्य होती. परंतु तिच्यावरून मुंबईचे गलबत एडनला नेता आले नसते.

इंग्रजी शाळांतून जी नवी विद्या आली, तिच्यात भूगोलाला मोठे स्थान होते. ह्या विद्येने दोन गोष्टी शिकविल्या. पहिली ही की, पृथ्वी गोल असून आपल्या आसाभोवती फिरते, आणि गोलाच्या पाठीवर कोणतेही ठिकाण वरचे किंवा खालचे नसते. काशी असो, लंडन असो, किंवा माणदेशातले एखादे वाळलेले खेडे असो, सर्वांचे स्थान अक्षांश व रेखांश ह्या एकाच मापाने मोजले जाते. नकाशावर नदी दाखविता येते, डोंगर दाखविता येतो, पेठ आणि पाणवठा दाखविता येतो; माणसाची जात तेवढी दाखविता येत नाही. दुसरी गोष्ट ही की, समुद्र ही जगाची कडा नसून ती एक वाट आहे. ज्या काळी समुद्र ओलांडणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे, त्या काळी ही गोष्ट साधी नव्हती.

जोतीरावांनी त्या शाळेत इ. स. १८४७ पर्यंत अध्ययन केले. सदाशिव बल्लाळ गोवंडे व मोरो विठ्ठल वाळवेकर हे ब्राह्मण मित्र त्यांस येथील शिक्षणाच्या काळातच लाभले, आणि ते पुढे त्यांच्या कामी आले. शिवाजीमहाराजांचे चरित्र व अमेरिकेच्या वॉशिंग्टनचे चरित्र त्यांनी वाचले. टॉमस पेन ह्याचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला. अटलांटिक समुद्रापलीकडे माणसे आपले राज्य आपण चालवितात आणि जन्माने कोणी राजा नाही असे म्हणतात, हे त्या पुस्तकांनी सांगितले. ज्याने पृथ्वीचा गोल पाहिलेला नाही, त्यास असे वर्तमान राक्षसांच्या गोष्टीसारखे वाटले असते. ज्याने पाहिला आहे, त्याला बोट ठेवून सांगता येते की ती माणसे येथे राहतात.

अपमान व अहमदनगरचा प्रवास

इ. स. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीराव चालत असता, शूद्राने आमच्या बरोबरीने चालावे काय, असे म्हणून काही मंडळींनी त्यांचा अपमान केला. घरी येऊन त्यांनी बापास हे सांगितले. बापाने जुन्या काळातील शिक्षांची आठवण देऊन गप्प राहण्याचा उपदेश केला. परंतु जोतीराव गप्प राहिले नाहीत. आणि ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, त्यांनी अपमान करणाऱ्यांशी भांडणही उकरले नाही. ते शाळेच्या विचारास लागले.

त्याच सुमारास गोवंड्यांबरोबर ते अहमदनगरास गेले. आज त्या शहरास अहिल्यानगर म्हणतात. पुण्याहून ते सुमारे ७५ मैलांवर आहे. तेथे अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरार ह्या बाई मुलींच्या शाळा चालवीत होत्या. ही बाई इ. स. १८२७ साली अमेरिकेहून मुंबईस आली होती आणि इ. स. १८३९ पासून अहमदनगरास राहत होती. ज्या देशाविषयी जोतीरावांनी पुस्तकांत वाचले होते, त्या देशातून एक एकटी बाई समुद्र ओलांडून येते आणि दख्खनच्या मुलींना शिकविते. आणि आमच्या पुण्यातील मुलींना आमच्यापैकी कोणी शिकवीत नाही, हे त्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले. पुढे त्याच बाईंच्या हाताखाली अहमदनगरास, आणि पुण्यास मिचेल बाईंच्या वर्गात, सावित्रीबाईंनी शिक्षकिणीचे शिक्षण घेतले असे सांगतात.

मुलींच्या शाळेत नकाशे

इ. स. १८४८ च्या ऑगस्ट महिन्यात बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा सुरू केली, आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर चिखल व शेण फेकण्यात येई. म्हणून त्या एक जादा लुगडे बरोबर नेत व शाळेत गेल्यावर बदलीत. लोकांच्या धाकाने गोविंदरावांनी मुलास व सुनेस, शाळा सोडा नाहीतर घर सोडा, असे सांगितले. इ. स. १८४९ साली त्या दोघांनी घर सोडले. काही काळ शाळेचे काम थांबले. परंतु ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकरांच्या वाड्यात, त्याच सालच्या सप्टेंबरात रास्ता पेठेत, आणि पुढच्या साली मार्चमध्ये वेताळ पेठेत, अशा एकापाठोपाठ शाळा निघाल्या. महार-मांग मुलांसाठीही त्यांनी शाळा काढल्या.

ह्या शाळांच्या अभ्यासात वाचन, व्याकरण व गणित यांच्या जोडीस भूगोल आणि नकाशे हेही होते. ह्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्या काळी शहाणीसुरती माणसेही म्हणत असत की, मुलीस थोडे वाचता आले तर पोथी वाचील, तेवढे पुरे. हिंदुस्थानचा नकाशा घरकामास उपयोगी पडत नाही, पोथी वाचण्यास लागत नाही, आणि दळणकांडणासही लागत नाही. ज्याला मुलगी पूर्ण मनुष्य आहे असे वाटते, तोच तिच्यापुढे नकाशा मांडतो. जिचे जग उंबरठ्यापासून विहिरीपर्यंत होते, तिला जोतीराव व सावित्रीबाई सांगत होते की, तुझी विहीर पुण्यात आहे, पुणे हिंदुस्थानात आहे, हिंदुस्थान आशियात आहे, आणि हे सारे जग जाणण्याचा तुझा अधिकार आहे.

शिकविणे वरवरचे नव्हते. इ. स. १८५३ च्या फेब्रुवारीत ह्या मुलींची जाहीर परीक्षा झाली, तेव्हा ती पाहावयास पुण्यात लोकांची मोठी दाटी झाली. त्यापूर्वी, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी ह्यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने जोतीरावांस शाली देऊन त्यांचा सन्मान केला होता. हे कँडीसाहेब मराठी कोशाच्या कामी मोल्सवर्थ यांचे सहकारी होते, आणि मराठी शाळांच्या पुस्तकांची भाषा तपासून शुद्ध करण्याचे काम पुष्कळ वर्षे त्यांच्याकडे होते.

परंतु शालीपेक्षा मोठा सन्मान इ. स. १८५५ साली झाला. ह्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई नावाच्या एका मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, आणि तो ज्ञानोदय पत्रात छापला गेला. जिच्या आजापणजांस लिहिलेल्या कागदास शिवण्याची सोय नव्हती, तिचे लिहिणे छापखान्यातून निघून गावोगाव गेले.

मळ्यातला भूगोल

जोतीरावांनी काही वर्षे एका मिशनच्या मुलींच्या वसतिगृहातील शाळेत शिक्षकाचे कामही केले. परंतु त्यांच्या निर्वाहाचा मुख्य धंदा शेतीचा व पुढे बांधकामाच्या मक्त्याचा होता. पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण बांधले जात होते. त्या कामी लागणारे साहित्य त्यांनी पुरविले. ते धरण इ. स. १८७९ च्या सुमारास पुरे झाले. शाळेत नकाशावर नदीची निळी रेघ पाहिलेला माणूस आता त्याच नदीच्या पात्रात दगडाचे माप घेत उभा राहिला.

ह्या नद्यांचा भूगोल येथे थोडक्यात सांगणे अस्थानी होणार नाही. पुण्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेने साठएक मैलांवर आहे. पण पुण्याच्या पाण्याचा थेंबही तिकडे आपणहून जात नाही. सह्याद्रीचा माथा मध्ये आडवा आहे, आणि त्याच्या पूर्वेस जमीन बंगालच्या उपसागराकडे उतरत जाते. म्हणून मुठेचे पाणी पुण्यात मुळेस मिळते, मुळामुठा भीमेस मिळते, भीमा कृष्णेस, आणि कृष्णा शेकडो मैल चालून पूर्वसमुद्रास मिळते. पावसाचीही हीच कथा. समुद्रावरून आलेले ढग घाट चढताना रिते होतात. महाबळेश्वरास वर्षाला २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. पुण्याच्या पूर्वेस दौंड-बारामतीच्या अंगास तो २० इंचांच्या आसपासच पडतो, आणि तोही दर वर्षी वेळेवर येईल असा भरवसा नसतो. एका जिल्ह्यात डोंगराकडील लोक पावसाने गारठतात आणि पूर्वेकडील लोक आकाशाकडे डोळे लावून बसतात. हे ज्यास कळले, त्यास दुष्काळ हा केवळ नशिबाचा खेळ वाटत नाही. पाणी कोठून येते व कोठे निघून जाते, हे तो शोधू लागतो.

इ. स. १८७६ ते १८७८ ह्या सालांत दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. माणसे व गुरे तडफडून मेली. त्या दिवसांत जोतीराव व सावित्रीबाई यांनी उपाशी मुलांच्या अन्नाची सोय करण्यासाठी खटपट केली. ती करताना जे पाहिले, ते पुढे त्यांच्या लेखणीतून उतरले.

जगाकडे पाहणे

इ. स. १८७३ हे साल जोतीरावांच्या आयुष्यात महत्त्वाचे. त्या साली त्यांनी गुलामगिरी हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि २४ सप्टेंबर रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापिला. पुस्तकाची अर्पणपत्रिका पाहण्याजोगी आहे. ते पुस्तक त्यांनी कोणा राजास किंवा सावकारास अर्पण केले नाही. अमेरिकेतील ज्या सज्जनांनी हबशी गुलामांस दास्यातून सोडविले, त्यांच्या सन्मानार्थ ते अर्पण केले. पुण्याच्या माळ्याने हजारो मैलांवरील गुलामाचे दुःख आपल्या गावच्या महार-मांगांच्या व कुणब्यांच्या दुःखाशेजारी ठेवून पाहिले. ज्यास जगाचा नकाशा ठाऊक आहे आणि अंतःकरणही आहे, त्यालाच हे साधते. त्या पुस्तकात पुराणकथांचा जो ऐतिहासिक अर्थ त्यांनी लाविला आहे, तो सगळाच्या सगळा आजचे पंडित मान्य करीत नाहीत. तरी, ही माणसे कोठून आली, कोणत्या वाटेने आली, आणि त्यामुळे कोणाची जमीन गेली, हे प्रश्न विचारण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, हे सर्वांस मान्य आहे.

जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. जगाचा निर्माता एक आहे व सर्व माणसे त्याची लेकरे आहेत असे ते मानीत, आणि त्यास निर्मिक हे नाव देत. मिशनरी लोकांच्या शाळांचे उपकार मात्र त्यांनी कधी लपविले नाहीत.

हंटरसाहेबांच्या मंडळापुढे

इ. स. १८८२ साली हिंदुस्थानातील शिक्षणाची चौकशी करण्यासाठी सरकारने सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ नेमले. जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ ची तारीख घालून त्या मंडळापुढे आपले लेखी निवेदन ठेविले. वरच्या लोकांस शिकविले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, असे तेव्हा मानले जात असे. जोतीरावांनी ह्यावर कडक टीका केली. सरकारचा वसूल कुणब्याच्या घामातून येतो आणि विद्येचा खर्च मात्र दुसऱ्यांवर होतो, ही गोष्ट त्यांनी उघडी करून दाखविली. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, अशी त्यांची मागणी होती.

खेड्यातील मुलांस काय शिकवावे, हेही त्यांनी त्या निवेदनात सांगितले आहे. मोडी व बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांबरोबर इतिहास, भूगोल व व्याकरण यांची मूलतत्त्वे, शेतकीचे प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्य यांचे काही धडे, असा त्यांचा अभ्यासक्रम होता. ह्या यादीत भूगोल आणि शेतकी एकाच पंक्तीस बसविलेली आहेत, हे वाचकांनी पाहावे. खेड्याच्या मुलास फक्त शेतकी पुरे, भूगोल शहराच्या मुलांस, असे त्यांनी म्हटले नाही. तसेच, भूगोल शिकला म्हणजे शेतकीची लाज वाटली पाहिजे, असेही मानिले नाही.

शिक्षकाविषयी त्यांचे मत असे होते की, तो शक्यतो शेतकरी वर्गातील, शिकवून तयार केलेला, आणि प्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास न लाजणारा असावा. असा मनुष्य मुलांत मिसळेल व त्यांच्या गरजा ओळखील. पोटास पुरेसे मिळाल्यावाचून चांगला शिक्षक टिकत नाही, हे जाणून त्यांनी शिक्षकाचा पगार कमीत कमी १२ रुपये आणि मोठ्या गावी १५ ते २० रुपये असावा असे सुचविले. वरच्या शिक्षणाचाही त्यांस विसर पडला नाही. म्याट्रिकच्या परीक्षेस नेमलेली पुस्तके सरकारी ग्याझेटात प्रसिद्ध व्हावी, म्हणजे ज्यांस हायस्कुलात जाणे परवडत नाही त्यांस घरी अभ्यास करता येईल, असे त्यांनी मागितले. दिव्यापाशी एकट्याने वाचीत बसलेला मुलगा त्यांच्या स्मरणातून गेला नव्हता.

गावच्या नकाशात झऱ्यांच्या खुणा

पुढच्याच साली, इ. स. १८८३ मध्ये, त्यांनी शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ लिहून पुरा केला. कर्ज, कज्जे, अज्ञान व अधिकाऱ्यांचा जुलूम यांनी शेतकरी कसा नागविला गेला, हे त्यात सांगितले आहे. परंतु ते केवळ रडगाणे नव्हे. उपायही तेथे आहेत, आणि ते जमीन डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचे आहेत. डोंगरावरील पालापाचोळा व खताचा अंश पावसाबरोबर वाहून शेतात येतो आणि जमीन सुपीक होते. म्हणून पावसाचे पाणी एकदम ओढ्यात धावून जाऊ न देता ते शेतात मुरेल असे बांध व ताली घालाव्या. ओढ्यांवर लहानमोठी धरणे व तलाव बांधावे, आणि ह्या कामी रिकाम्या वेळेत पलटणीच्या व पोलिसांच्या शिपायांचे हात लावावे, असे त्यांनी सुचविले. तळ्यातील गाळ काढावा, जनावरांच्या चांगल्या जाती वाढवाव्या, अशाही सूचना त्यांत आहेत.

त्यांतील एक सूचना आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. सरकारने पाणाड्यांकडून सर्व जमिनीची तपासणी करवावी, आणि जेथे विहीर चालण्याजोगा पाण्याचा झरा आढळेल, तेथे तेथे त्या त्या गावच्या नकाशात खूण करून ठेवावी, असे त्यांनी लिहिले. त्या काळी गावचा नकाशा सरकारी दप्तरात बांधलेला असे. कोणाच्या जमिनीवर किती सारा बसवावा, हे पाहण्यासाठी तो उघडीत. जोतीरावांनी त्याच नकाशात शेतकऱ्याच्या जिवाचे पाणी लिहून ठेवावयास सांगितले. आज भूगर्भातील पाण्याचे नकाशे तयार होतात व पाणलोट क्षेत्राच्या योजना आखल्या जातात. त्यांचे बीज एका माळ्याच्या ह्या सूचनेत दिसते. पाणाड्याच्या रीतीवर आजच्या शास्त्राचा विश्वास नाही; पण जमिनीखालच्या पाण्याची गावोगाव नोंद हवी, हा विचार आजही खराच आहे.

शेवटचे दिवस

इ. स. १८८८ च्या मार्च महिन्यात पुण्यात राणीच्या पुत्रासाठी मोठी मेजवानी झाली. शहरातील थोर मंडळी जरीचे पोषाख करून आली. जोतीराव शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले, आणि येथे जी श्रीमंती दिसते ती हिंदुस्थानची खरी स्थिती नव्हे, ती पाहावयाची तर खेड्यांत चला, असे त्यांनी राजपुत्रास सांगितले. त्याच साली ११ मे रोजी मुंबईत लोकांनी त्यांस महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला. तेव्हा ते डाव्या हाताने लिहू लागले, आणि सार्वजनिक सत्यधर्म हे आपले शेवटचे पुस्तक त्यांनी तसे पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. सावित्रीबाईंनी पुढे सहा वर्षांहून अधिक काळ काम चालविले. पुण्यास प्लेग आला तेव्हा रोग्यांची शुश्रूषा करता करता त्यांसच तो रोग जडला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या.

भिड्यांचा तो वाडा पुढे मोडकळीस आला. इ. स. २०२३ साली तो उतरविण्यात आला, आणि तेथे राष्ट्रीय स्मारक उभारण्याचे ठरले. पुण्याच्या विद्यापीठास इ. स. २०१४ साली सावित्रीबाईंचे नाव देण्यात आले. राहुरीच्या कृषी विद्यापीठास जोतीरावांचे नाव आहे. ज्या मुलास, शिकलास तर शेतीच्या कामातून जाशील, असे म्हणून शाळेतून काढले होते, त्याच्याच नावाने आज शेतीची विद्या शिकविली जाते.

बंधुभगिनींनो, आता आरंभीचा प्रश्न पुन्हा पाहू. नांगर धरणाऱ्यास व चूल सांभाळणारीस भूगोल कशास हवा? जोतीरावांच्या चरित्राचे उत्तर असे की, ज्याला आपले गाव नकाशावर सापडते, त्याला आपल्या गावचे पाणीही सापडते. आणि ज्याला दूरचा देश सापडतो, त्याला दूरचा भाऊही सापडतो. म्हणून मास्तरांनी केवळ नावे घोकवून घेऊन समाधान मानू नये. मुलांस एक दिवस शिवाराबाहेर टेकडीवर न्यावे. आपला ओढा कोणत्या नदीस मिळतो, ती नदी कोणत्या समुद्रास मिळते, पाऊस कोठून येतो, उताराची माती कोठे जाते, हे डोळ्यांनी दाखवावे, आणि मग त्यांच्याच हातांनी कागदावर गावचा नकाशा काढवून घ्यावा. त्यात प्रत्येक विहीर असावी, आणि प्रत्येक वस्तीही असावी; गावकुसाबाहेरची म्हणून कोणती वगळू नये.

आणि ज्याला शिकविण्याचे काम येत नाही, त्यालाही ह्या चरित्रात एक काम सांगितलेले आहे. आपल्या शेजारी कोणी मुलगा शाळेतून काढला गेला असेल, कोणी मुलगी घरी बसविली गेली असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्या ओटीवर जावे आणि त्यांच्या बापाशी चार शब्द बोलावे. मुनशी व लिजिटसाहेब यांनी एवढेच केले होते.